लिंबाजी आप्पांची रिकामी बंदूक

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं.

वनरक्षक म्हणून माझी पहिलीच नेमणूक होती. आष्टीच्या पुढच्या सात-आठ गावांचा बीट माझ्याकडे आला होता. रुजू होऊन महिनाही झाला नसेल, तोच एका सकाळी फोन आला, की मक्यात रानडुक्कर मारलंय, पंचनाम्याला या. परवानगी आमच्याच ऑफिसनं दिलेली होती. पिकाचं नुकसान फार झालं की गावकरी अर्ज करतात आणि ज्याच्याकडे शेतीसंरक्षणाचा बंदूक-परवाना आहे अशा माणसाला काही दिवसांसाठी रानडुक्कर मारायची लेखी परवानगी मिळते. मारल्यावर आमच्यापैकी कोणीतरी जाऊन पंचनामा करायचा आणि डुक्कर आपल्यासमोर पुरून घ्यायचं. हे सगळं मी प्रशिक्षणात लिहून घेतलं होतं. मेलेलं डुक्कर मात्र कधी पाहिलं नव्हतं.

स्कूटी बांधावर लावून मी आत गेले. वीस-पंचवीस माणसं डुकराभोवती उभी होती. कोणी त्याचे सुळे बोटानं मोजत होतं, कोणी फोटो काढत होतं. मी विचारलं, "परवानाधारक कोण आहेत?" सगळ्यांनी एकदम नाल्याकडे हात केला. तिथं साठी ओलांडलेला एक उंच, वाळका माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. डोक्याला रुमाल, अंगात बंडी, हातात बंदूक, आणि बंदुकीचं तोंड नाल्याच्या मातीच्या दरडीकडे. माणूस हलत नव्हता.

"त्यांना बोलवा, सही पाहिजे," मी म्हणाले.

"येणार न्हाईत," एक जण म्हणाला. "पलीकडं बाई शेळ्या घिऊन बसली. ती उठस्तोवर आप्पा हलत न्हाईत."

मी स्वतःच निघाले, तर त्यांनी मागं न बघता डावा हात वर केला, थांबा म्हणून. मी थांबले. पाच-सात मिनिटांनी शेळीवाली उठली आणि शेळ्या हाकत दूर गेली. ती पार दिसेनाशी झाल्यावर त्यांनी बंदूक दरडीत उडवली. माती उसळली, मी जागच्या जागी दचकले. मग त्यांनी बंदुकीचा लांब लोखंडी गज काढला आणि नळीत सोडला. टण्ण असा आवाज आला. तेव्हा कुठं ते माझ्याकडे वळले.

"रामराम म्याडम. नवीन आल्या का?"

मी जरा चिडूनच म्हणाले, "डुकराचा पंचनामा करायचाय, आप्पा. मी थांबलेय."

"मेलेलं डुक्कर कुठं जात न्हाई," ते म्हणाले. "बंदूक जिती होती. आता मेली. चला, कुठं सही करू?"

ही लिंबाजी आप्पांची ओळख. गावाचं नाव मी सांगत नाही. गावातल्यांना हे सगळं माहीत आहे.

त्यांची बंदूक म्हणजे भरमार. वडलांच्या नावावरचा परवाना पुढं त्यांच्या नावावर झालेला. भरमार तोंडातून भरतात. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग शिशाची गोळी, परत बोळा, आणि दर वेळी गजानं ठासायचं. मागं घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो आणि बार होतो. एकदा भरली की काडतूस काढून खिशात टाकावं तशी ही बंदूक रिकामी करता येत नाही. ती उडवावी लागते. बरं, एकच नळी, एकच बार. डुकराला गोळी लागली तरी ते मेलं की नुसतं पडलं हे लांबून कळत नाही आणि जखमी डुक्कर माणसाच्या अंगावर येतं. म्हणून आप्पा पहिला बार झाला की जागेवरच बंदूक पुन्हा भरत आणि मगच पुढं जात. डुक्कर खरंच मेलेलं निघालं की ही दुसऱ्यांदा भरलेली बंदूक हातात राहायची. ती घेऊन त्यांनी कधी गावात पाऊल टाकलं नाही. आधी घोड्याखालची टोपी काढून चुन्याच्या जुन्या डबीत ठेवायची, मग मागंपुढं माणूस-जनावर नाही ना ते बघायचं, मग टोपी परत बसवून दरडीत बार, मग गज.

गजावर त्यांनी कानशीनं एक खाच पाडली होती. नळी रिकामी असेल तर खाच बरोबर तोंडाशी येई. भरलेली असेल तर चार बोटं वर राही. पण ते खाचेवर थांबत नसत, आवाजही ऐकत. रिकाम्या नळीत गज पडला की टण्ण वाजतो. भरलेल्या नळीत बोळ्यावर पडतो, नुसतं थप् होतं.

"दारू वाया घालवण्यापेक्षा वर आभाळात का नाही मारत?" मी एकदा विचारलं. म्हणजे निदान पाखरं तरी उठतील, असं माझ्या मनात होतं.

"वर मारलेली गोळी कुठं पडंल ते मला म्हाईत न्हाई. मातीतली कुठंय ते दाखवतो, चला." आणि खरंच त्यांनी मला दरडीशी नेऊन भोक दाखवलं. तिथं एक नव्हे, बरीच भोकं होती. काहींत मुंग्यांनी घरं केली होती.

हा स्वभाव फक्त बंदुकीपुरता नव्हता. विहिरीवरच्या मोटारीला हात लावायचा तर आधी फ्यूज काढून स्वतःच्या बंडीच्या खिशात घालणार आणि काम होईपर्यंत खिशावर हात ठेवणार. विळा भिंतीला टेकवला तर टोक भिंतीकडे. दुसऱ्याच्या घरी गेले तरी पहिल्यांदा त्यांचा विळा फिरवून ठेवणार, मग बसणार. त्यांची बायको सुभद्रामाय याला कंटाळलेली होती. मला म्हणाली, "जेवून उठल्यावर ताटाकडं दोनदा बघतंय माणूस. मी म्हणते, ताट काय उडतं का? तर म्हणतात, बघायला काय जातं." आप्पा बाजूलाच बसून बशीतून चहा पीत होते. चहा संपल्यावर बशी उलटी करून ठेवली.

निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. एकदा त्याच दिवशी मीही कामानं ठाण्यात होते. टेबलावरच्या हवालदारानं आप्पांची बंदूक घेतली, नंबर बघितला आणि कोपऱ्यात ठेवायला उठला.

"साहेब, बघून घ्या," आप्पा म्हणाले.

"नंबर बघितला की."

"नंबर न्हाई. रिकामीय का ते."

"तुम्ही आणली म्हणल्यावर रिकामीच असंल. तुम्हाला सगळं ठाणं ओळखतंय, आप्पा."

"मला ओळखता, तिला न्हाई ओळखत," आप्पा म्हणाले आणि गज पुढं केला. "माझ्यावर इस्वास ठिऊ नका. टाका."

हवालदार हसला, पण गज टाकला. टण्ण झालं. "आता?"

"आता लिहा, रिकामी मिळाली म्हणून."

हवालदारानं पोचपावतीवर तसं लिहिलं. आप्पांनी ती पावती वाचली, चार घड्या घातल्या आणि निघाले. त्यांच्या मागं रांगेत दोन नळ्यांची मोठी बंदूक घेतलेला एक बागायतदार उभा होता. तो म्हणाला, "माझी पण बघा मंग," आणि सगळे हसले. पण हवालदारानं त्याचीही बघितली.

फोटोचंही असंच. आप्पांचा मुलगा सुदाम जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या सळया तयार होतात त्या कारखान्यात कामाला. दर रविवारी मोटारसायकलवर गावी यायचा. त्याला बंदूक खांद्यावर घेऊन फोटो काढायचा होता, कारखान्यातल्या मित्रांना पाठवायला. आप्पांनी नाही म्हटलं. सुदाम म्हणाला, "अहो रिकामी आहे की, आत्ताच तुम्ही गज टाकला."

"तुला मला म्हाईत. फोटोत ती रिकामी दिसत न्हाई. बघणाऱ्याला वाटंल, अशी बी धरत्यात."

सुदाम रुसून निघून गेला. आप्पांना त्याचं वाईट वाटलेलं दिसत होतं, पण त्यांनी त्याला हाक मारली नाही.

गावात सगळ्यांना खात्री होती, की आप्पांच्या हातून पूर्वी काहीतरी घडलंय. त्याशिवाय माणूस इतका जपून कशाला वागेल? कोणी सांगायचं, त्यांचा थोरला भाऊ बंदूक पडून झालेल्या बारानं गेला. कोणी म्हणायचं, भाऊ नव्हे, बैल. एका म्हातारीनं मला शपथेवर सांगितलं, की त्यांच्या चुलतीचा कान तुटला होता. मला राहवेना. एकदा त्यांच्या बांधावर लिंबाखाली आम्ही बसलो असताना विचारलंच, "आप्पा, तुमच्याकडून पूर्वी काही झालं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यांनी इचारलं, तुम्हीच राह्यल्या होत्या." मग म्हणाले, "काई झालं न्हाई, म्याडम. माझ्या बापाच्या हातून बी न्हाई. भाऊ टायफाईडनं गेला. काकूचे दोन्ही कान बराबर होते, डूल घालायची ती."

"मग एवढं कशाला?"

"मंग, काय झाल्यावरच माणसानं शिकायचं का?"

त्यांना ते फार साधं वाटत होतं. मला त्या वेळी उत्तर अपुरं वाटलं. कहाणी मिळेल म्हणून मी विचारलं होतं आणि कहाणीच नव्हती.

कहाणी पुढं झाली. माझ्या तिसऱ्या वर्षी.

त्या हंगामात डुकरांनी कहर केला होता. मका दुधात आला की ती येतात, कणसं खातात त्याहून जास्त ताटं मोडून टाकतात. आसपासच्या तीन-चार गावांत चालणारी बंदूक आप्पांचीच. परवानगीचे कागद मीच त्यांच्या घरी नेऊन दिले. चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या रानातला काशिनाथ, चाळिशीचा, चांगला धट्टाकट्टा माणूस, आपल्या मक्यात शिरलेल्या कळपाला हाकायला आत गेला. आप्पा त्याला बांधावरून "आत नको जाऊ, बाहेर ये" असं म्हणत होते, पण तोवर उशीर झाला होता. एक मोठा नर सरळ त्याच्यावर आला. काशिनाथ पडला. डुकरानं त्याच्या मांडीला सुळा मारला आणि ते परत फिरून दुसऱ्यांदा आलं. आप्पा वीस पावलांवर होते. माणूस आणि डुक्कर यांच्यामध्ये हातभर अंतर असताना त्यांनी बार काढला. डुक्कर काशिनाथच्या पायाशी पडलं.

हे मला नंतर काशिनाथनंच सांगितलं. "मी डोळे मिटले होते," तो म्हणाला. "उघडले तर आप्पा माझ्या मांडीला त्यांचा रुमाल आवळून राह्यले होते."

माणसं धावत आली. रक्त फार जात होतं. कोणाचा तरी माल वाहायचा टेम्पो रस्त्यावर होता, त्यात काशिनाथला घातलं. टेम्पो हलेपर्यंत आप्पांनी त्याची मांडी दाबून धरली होती. टेम्पो गेल्यावर लोक त्यांना घेरून गावात घेऊन आले. वाटेत ज्याला त्याला काय झालं ते ऐकायचं होतं. घरी आल्यावर आप्पांनी बंदूक ओसरीच्या कोपऱ्यात उभी केली, हातावरचं रक्त धुतलं आणि चहा न घेताच दुसऱ्याच्या गाडीवर दवाखान्यात गेले. काशिनाथ वाचणार हे डॉक्टरांनी सांगितल्यावर दुपारी परत आले.

मी पोचले तेव्हा तीन वाजले असतील. माणूस जखमी झाला होता, म्हणजे माझे कागद जास्त होते. ओसरीवर सुभद्रामाय आणि सून रेखा शेंगा फोडत बसल्या होत्या. आप्पांची पाच वर्षांची नात आईला टेकून शेंगदाणे खात होती. आप्पा भिंतीला पाठ लावून बसले होते, थकलेले. मी म्हणाले, "आप्पा, बंदुकीचा नंबर लागेल."

"देतो की," म्हणत ते उठले. कोपऱ्याकडे गेले आणि थबकले. "बंदूक कुठंय?"

"इकडं ठिवली मामा," रेखा म्हणाली. "सकाळी झाडताना मधी येत होती, म्हणून दाराआड केली."

त्यांनी दाराआडून बंदूक घेतली. तोंड आढ्याकडे. मला नंबर दाखवण्याआधी त्यांनी सवयीनं गज काढला आणि नळीत सोडला.

थप् झालं.

त्यांनी गज उचलला आणि परत सोडला. परत थप्. खाच नळीच्या तोंडापासून चार बोटं वर उभी होती. मग त्यांनी घोड्याखाली पाहिलं. तांब्याची टोपी जागच्या जागी होती.

मला कळायला वेळ लागला. सकाळी बार काढल्यावर, डुक्कर मेलं की नाही हे कळायच्या आत, त्यांच्या हातांनी नेहमीसारखी बंदूक भरली होती. टोपीसुद्धा बसवली होती. त्यानंतर काशिनाथचं रक्त, टेम्पो, माणसं. आणि बंदूक गावात आली, घरात आली, सकाळपासून तीन वाजेपर्यंत माणसांत उभी राहिली, एकदा उचलून दुसरीकडे ठेवली गेली.

आप्पांनी टोपी काढली. ती चुन्याच्या डबीत ठेवली. रेखानं पोरीला मांडीवर ओढून घेतलं. आप्पा बंदुकीचं तोंड वर धरून ओसरी उतरले आणि नाल्याकडे चालू लागले. मी त्यांच्या मागून गेले. वाटेत दोघा-तिघांनी "आप्पा, शाबास," असं म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही. नाल्यावर इकडंतिकडं पाहून त्यांनी दरडीत बार काढला आणि गज टाकला. मग तिथंच उकिडवे बसले.

बसूनच म्हणाले, "हात चुकले न्हाईत, म्याडम. हातानं बराबर भरली. म्या कवा भरली ते मलाच आठवत न्हाई."

"आप्पा, तिथं काशिनाथ मरत होता. कोणाच्याही लक्षात राहिलं नसतं."

"कोणाच्याही न्हाई. माझ्या राह्यला पाह्यजे होतं."

"पण काही झालं तर नाही ना."

"न्हाई झालं," ते म्हणाले. "पण ते माझ्यामुळं न्हाई झालं असं न्हाई. रेखानं ती हळू ठिवली म्हणून न्हाई झालं. जरा आपटून ठिवली असती तर?" मग माझ्या हातातल्या कागदांकडे बोट करून म्हणाले, "लिहा."

"काय लिहू?"

"भरलेली बंदूक घरात आणली. लिंबाजीनं आणली. लिहा."

मी म्हणाले, की पंचनामा काशिनाथच्या जखमेचा आहे आणि मेलेल्या डुकराचा आहे, त्यात याला जागा नाही. ते खरंच होतं. पण तेवढंच कारण नव्हतं. त्या सकाळी ज्या माणसानं एकाचा जीव वाचवला त्याच्याविरुद्ध मला काही लिहायचं नव्हतं. "बरं, तुम्ही नका लिहू," ते म्हणाले. "माय, तुझं काई चुकत न्हाई." त्यांनी मला म्याडम सोडून दुसरं काही म्हटलं ते तेवढं एकदाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातल्या एका मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला. अर्जात सगळं होतं, टोपीसकट. बंदूक, दारूची डबी आणि अर्ज घेऊन ते ठाण्यात गेले आणि परवाना रद्द करा म्हणाले. हवालदारानं समजावलं, साहेबांनी समजावलं, असं सगळे करतात, तुम्ही कशाला सांगत बसलात म्हणाले. आप्पांनी पावती मागितली.

चार दिवसांनी गावातली माणसं त्यांच्या ओसरीवर जमली. मीही होते, मला मुद्दाम बोलावलं होतं, सरकारी माणसाचं ऐकतील म्हणून. मका उभा होता, कळप रोज येत होता आणि बंदूक ठाण्यात. लोकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काशिनाथला नुकतंच घरी आणलं होतं. तोही मांडीला पट्ट्या बांधून, दोघांच्या खांद्यावर हात टाकून आला. त्याला बाजेवर बसवलं.

"आप्पा," तो म्हणाला, "ती बंदूक नसती तर मी आज इथं नसतो. माझ्या लेकरांकडं बघा आणि बंदूक घिऊन या."

आप्पा म्हणाले, "काशिनाथा, त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. तू एकच सांगतो."

"दुसरी झालीच न्हाई की."

"तुला न्हाई झाली. मला झाली."

कोणी तरी जरा आवाज चढवून म्हणालं, की हा हट्ट आहे, चार गावांचं पीक जाईल. आप्पांनी ते ऐकून घेतलं. "जाईल," ते म्हणाले. "माझं बी जाईल. ज्याला जमतंय त्यानं परवाना काढावा, माझी ना न्हाई. म्हातारा झाल्तो ते मला कळलं न्हाई, तिनं सांगितलं." तिनं म्हणजे बंदुकीनं. एवढं बोलून त्यांनी सुभद्रामायला चहा ठेवायला सांगितला. त्या चहानंतर तो विषय कोणी काढला नाही, निदान त्यांच्यासमोर.

रविवारी सुदाम आला. त्याचं म्हणणं, परवाना माझ्या नावावर करून घेऊ. आप्पांनी त्याला नाही म्हटलं नाही. "अर्ज तू कर. पण आधी एक ऐक. भरायला तुला दोन दिवसांत येईल. रिकामी करायला मला वाटत होतं मला येतंय. चाळीस वर्सं वाटत होतं." सुदामनं अर्ज केला नाही. का, ते मला माहीत नाही. कदाचित कारखान्यातून सुट्टी मिळाली नसेल.

त्या वर्षी आप्पांचा मका खरंच गेला. त्यांनी शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या, डबे वाजवले, सकाळ-संध्याकाळ बांधावर उभे राहिले. मी नुकसानीचा पंचनामा करायला गेले तेव्हा अर्ध्याहून जास्त रान आडवं झालेलं होतं. लोक त्यांच्याशी बोलत होते, पण पूर्वीसारखं कोणी "आप्पा, जल्दी चला" म्हणत घरी येत नव्हतं. त्यांना ते लागलं असणार. सुभद्रामाय म्हणाली, "दिवसभर हात मांडीवर ठिऊन बसत्यात. काय काम सांगावं कळंना." मग तिनं त्यांना नातीला शाळेत सोडायचं काम दिलं. ते पोरीला घेऊन जात आणि शाळेचं फाटक आतून लागलेलं दिसेपर्यंत रस्त्यावर उभे राहत.

पुढं माझी बदली झाली. नवीन जागा घरापासून जवळ होती, बदनापूरला माझं माहेर. दीड-दोन वर्षं आप्पांची काही खबर नव्हती. मग पेरणीच्या आधी, एका सकाळी, कृषी संशोधन केंद्राच्या बाहेर तुरीच्या बियाण्यासाठी शेतकऱ्यांची रांग लागली होती. मी रस्त्यानं चालले होते. रांगेपासून जरा बाजूला, पिशवी पायांत धरून, आप्पा सावलीत बसले होते. त्यांनीच मला आधी पाहिलं.

"म्याडम. बऱ्याय ना?"

मी शेजारी बसले. घरचं सगळं विचारलं. सुदामला दुसरी मुलगी झाली होती. काशिनाथ लंगडतो, पण नांगर धरतो. आप्पांनी आता मका बंद केला होता, तूर लावणार होते. "तुरीला डुकरं जरा कमी लागत्यात," ते म्हणाले.

"अजून येतात का?"

"येत्यात की." ते थांबले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "परवा सकाळी मी बांधावर बसल्तो. नाल्यातून मादी आली, मागं सात पिलं. माझ्यापासून इथून त्या पानटपरीएवढ्या लांबून गेली. मी हललो न्हाई. म्याडम, त्या पिलांच्या अंगावर पट्टे असतात. खारीसारखे, पिवळे पिवळे. तुम्हाला म्हाईत होतं?"

"हो. मोठी झाली की जातात ते."

"मला न्हाई म्हाईत. इतकी वर्सं त्यांच्यामागं हिंडलो, कवा दिसलेच न्हाईत." त्यांनी मान हलवली. "एक मागं राह्यलं होतं. आई थांबली त्याच्यासाठी. मंग गेली सगळी."

"आणि गेल्या वर्षीच्या पिकाचं?"

"ते खाल्लंच की," आप्पा म्हणाले आणि हसले. त्यांना मी हसताना फारसं पाहिलं नव्हतं. खालचे दोन दात पडले होते.

स्टेशनकडे जाणारी रिक्षा आली. त्यांनी बियाण्याची पिशवी आधी आत ठेवली, मग स्वतः बसले. आत दाटी होती. एका बाईनं सरकून त्यांना जागा दिली. रिक्षा वळेपर्यंत मला ते दिसत होते. ते त्या बाईला काहीतरी सांगत होते आणि सांगताना अंगठा आणि बोट यांच्यात अंतर धरून दाखवत होते, पट्टे केवढे होते ते.